लेकरांचा काटा

तेल्हारा
ता. ५ नोव्हेंबर १९६१

चि. शकुन हिस,

जयभीम. हे पत्र कामाचे आहे. तुझी खुशाली विचारायला लिहिलेले नाही, तसा समज करून घेऊ नये.

काम असे. अकोल्याहून खरेबाई म्हणून एक डॉक्टरीण आठवड्यातून एकदा मुलांना तपासायला येतात. दवाखाना गावाबाहेर आकोट रस्त्याला, दिवस गुरुवार, वेळ सकाळची. आता तूच सांग, कापूसवेचणीच्या हंगामात गुरुवारी सकाळी कोणती मजूरबाई घरी असते? ती उजाडायच्या आत शेतात. रोज बुडवून लेकरू घेऊन गेली, तर दुपारपर्यंत ओट्यावर बसायचे. म्हणून तिथे येत होती मास्तरांची, कारकुनांची आणि अडत्यांची मुले. ज्यांच्यासाठी डॉक्टर येतात ती घरी, ओसरीत, म्हातारीजवळ.

मी अर्ज केला. मजकूर माझा, अक्षर माझे, एक शब्द खोडावा लागला नाही. मी कोणत्याच शाळेची पायरी चढलेलो नाही हे तुला माहीत आहे. अर्ज वाचणाऱ्या साहेबाला ते सांगूनही खरे वाटले नाही. अर्जात एवढेच म्हटले की बाजाराच्या दिवशी शेतकाम बंद असते, मजुरी त्या दिवशी मिळते, आणि झाडून सगळ्या बाया लेकरे कडेवर घेऊन बाजारात असतात. तर डॉक्टरने बाजाराच्या दिवशी यावे आणि बाजारातच बसावे. अर्ज मंजूर झाला. कापूसबाजाराच्या आवारातली पत्र्याची शेड बाजार समितीने दिली. पुढच्या बाजारापासून मुलांचा दिवस तिथे भरेल.

अडचण एकच राहिली. खरेबाई म्हणतात, मुलाचे वजन कळल्याशिवाय औषधाचे माप कसे ठरवू? लहान मुलांचा काटा अकोल्याहून पावसाळ्याच्या आधीपासून 'निघाला' आहे, अजून पोचलेला नाही. मी म्हटले, मापारी तुमच्यासमोर उभा आहे आणि तुम्ही काट्याची वाट पाहता? माझा लहान काटा घेऊन येतो. त्यांनी विचारले, "तो बरोबर आहे ना?" मी म्हटले, "बाई, काटा बरोबर आहेच, पण मी नुसत्या काट्यावर जात नाही. पाणी मारलेला कापूस मी मुठीत धरला की ओळखतो. कोरडा कापूस मूठ सोडताच फुलून वर येतो, ओला दबलेलाच राहतो." बाई पुण्याकडच्या आहेत. आपले बोलणे त्यांना भांडण वाटते. पण हसल्या.

तर तुमच्या दवाखान्यात कितव्या महिन्याला मुलाचे वजन किती असावे, याचा तक्ता असेल. तो पाठव.

इथल्या दवाखान्यात नर्सची जागा निघाली होती तेव्हा माझी शकुन येते म्हणून मी अर्ध्या गावाला सांगितले, खोलीला चुना दिला. तू अमरावतीलाच राहिलीस, तिथेच छापखान्यातल्या माणसाशी लग्न केलेस, आणि आम्हाला कळवलेस चार दिवसांनी. त्या खोलीत आता कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या भरल्या आहेत. जळणाची सोय झाली. तुला मुलगा झाल्याचे मला अंजनगावच्या एका अडत्याने काट्यावर सांगितले. परक्याला आधी आणि बापाला मागून, असा अमरावतीचा नवा रिवाज असेल. चालू द्या.

देवराव पुंजाजी तेलगोटे
परवानाधारक मापारी, तेल्हारा


तेल्हारा
ता. २१ नोव्हेंबर १९६१

चि. शकुन हिस,

जयभीम. तक्ता पोचला. सोबत दोन ओळी लिहिल्या असत्या तर टपालखर्च तेवढाच आला असता. तारीखही नाही; शिक्क्यावरून काढावी लागली. तक्ता पौंडांत होता, तो मी किलोत करून शेडच्या खांबाला लावला आहे.

पहिला दिवस झाला. जसे झाले तसे लिहितो.

शेड झाडून घेतली. काट्याला तेल दिले. सुताराकडून कडेला फळ्या लावलेले पारडे करून घेतले, आत धुतलेले धोतर अंथरले. बाया पुष्कळ जमल्या. पुढे होती नईमा, बिस्मिल्लाबी काकणवालीची सून. तिचे पोर खोकत होते. मी त्याला पारड्यात ठेवले आणि दुसऱ्या बाजूला एकेक किलोचे वजन चढवत गेलो. हात कामाला लागला की तोंड आपोआप चालते, बाजारातली सवय. एक न म्हणता लाभ म्हणायचे, हा आमच्या धंद्याचा कायदा. मी म्हटले, "लाभ! दोन! तीन!" माझा आवाज तुला माहीत आहे, बैलबाजारापर्यंत जातो. "सात! सात किलो आन् वर पाव!"

तेवढ्यात पलीकडून एका अडत्याच्या दिवाणजीने आवाज दिला, "देवराव, भाव काय निघाला?"

सगळे आवार हसले. त्याने नेहमीच्या लयीत विचारले, त्यात वाईट हेतू नव्हता. पण नईमाने पोर उचलले आणि बुरख्यात घेऊन चालती झाली. तिच्यामागे दुसरी गेली. पुंजाराम खंडारेची बायको जाताजाता म्हणाली, "तोललं ते इकलं, मामाजी. मले नाई इकायचं माहं लेकरू." डॉक्टरीणबाईंना काही कळेना. त्या मला विचारतात, "काय झालं? तुम्ही त्यांना रागावलात का?"

मी त्यांना सांगितले की अडाणी बाया आहेत, येतील हळूहळू. तुलाही तेच सांगतो.

एक विचारायचे होते. आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, सव्वा वर्षाची. आई वेचणीला जाते, पोर आजीजवळ असते. भाकरीचा कुस्करा आणि चहा, यावर दिवस निघतो. हल्ली तिचे केस भुरे झाले आहेत, खेळत नाही, पायांवर थोडी सूज आहे. आजी म्हणते, अंगाने भरली. ही सूज कशाची असते?

देवराव पुंजाजी तेलगोटे


तेल्हारा
ता. १२ डिसेंबर १९६१

चि. शकुन हिस,

जयभीम. कार्ड मिळाले. 'मुलगी कोणाची? ताबडतोब डॉक्टरला दाखवा.' एवढेच. तारीख पुन्हा नाही.

मुलगी कोणाची हे सांगण्याचे कारण नाही. तिच्या घरचे लोक ऐकत नाहीत, एवढे पुरे.

इकडची हकीकत चांगली नाही. त्यानंतरच्या बाजारांना शेडमध्ये डॉक्टरीणबाई, मी, काटा आणि एक कुत्रे. खोकल्याची दोन मोठी माणसे आली, त्यांना परत पाठवावे लागले. अकोल्याहून बाईंना कागद आला आहे: जानेवारीअखेरपर्यंत मुले आली नाहीत तर तेल्हाऱ्याचा दिवस बंद करून हिवरखेडला द्यावा. बाईंनी तो मला वाचायला दिला. मी अर्ज केला नसता तर निदान गुरुवार तरी राहिला असता, असे त्या म्हणाल्या नाहीत. मी मात्र तसेच वाचले.

परवा बिस्मिल्लाबी दारात आली. पेटी खाली ठेवली, पाणी मागितले आणि तुझ्या आईसमोर मला धरले.

"क्या देवरावभाऊ, मेरे पोते का हर्रास कर डाले तुमने?"

मी म्हटले, "हर्रास कशाचा? वजन केलं."

"वजन चुप्पे से होता. तुमी तो बोली लगाए. लाभ, दो, तीन! फिर भाव पूछा गया. अब क्या रह गया? कापूस के माफिक गाडी में भर देते, बस."

तुझी आई हसून राहिली होती. पदर तोंडाला लावून, पण मला दिसले.

मग बिस्मिल्लाबीने उपाय सांगितला. "दर्गे पे बच्चे को गुड से तोलते के नहीं? तुमारे लोगां भी यात्रा में तोलते थे. एक तरफ बच्चा, एक तरफ गुड. गुड बाँट दिया, बच्चा घर को. उसको कोई बुरा नहीं बोलता. तुमी गुड रखो, फिर गुड को तोल लो."

हिशेबाने उपाय बिनचूक आहे, हे मापारी म्हणून मी मान्य करतो. पण मी नाही म्हटले. नवस आणि गूळतुला हे मी छप्पन साली सोडले. नागपूरला उभे राहून ज्या तोंडाने प्रतिज्ञा म्हटली, त्या तोंडाने आता गूळ वाटू? पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या शेडमध्ये? औषधाने पोर बरे झाले तर बाया म्हणतील, गुळाने झाले. मग पुढच्या वेळी गूळ आणतील आणि औषध विसरतील.

बिस्मिल्लाबी म्हणाली, "फिर रखो अपना कांटा और अपनी कसम." पेटी उचलून गेली. काकणे भरायला निघालेली बाई गावातल्या प्रत्येक घरात जाते. ती जे बोलेल ते संध्याकाळपर्यंत सगळ्या चुलींवर शिजते.

तुमच्या मोठ्या दवाखान्यात मूल तोलून घ्यायला कोणी तयार नसेल तर काय करता? की तिथे सगळे शहाणेच येतात?

देवराव पुंजाजी तेलगोटे


तेल्हारा
ता. ९ जानेवारी १९६२

चि. शकुन हिस,

जयभीम. या वेळी पूर्ण पत्र लिहिलेस आणि वर तारीखही घातलीस. बरे वाटले.

तू लिहिलेस की आईला मुलासकट तोला, मग मूल दुसरीकडे देऊन आईला एकटीला तोला, वजाबाकी करा. भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची आणि कापूस काढायचा, हे मी जन्मभर करत आलो. मला सुचले नाही. माझा आक्षेप एवढाच होता की त्यासाठी मोठा काटा लागेल आणि मोठ्या काट्यात पाव-अर्धा पाव इकडेतिकडे होतो. मी तसे खरेबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "देवराव, अर्धा पाव राहू द्या तुमच्याकडे. मला मुलं आणून द्या."

पण बाई पारड्यात बसणार कशी? गडीमाणूस तिचे वजन करणार आणि गावभर होणार. मी चार घरी विचारले. शेषराव रखवालदाराने तर विचारले, "बायकोचं वजन कायले पायजे तुमाले? तिले का गिरणीत टाकता?"

आता जे लपवले होते ते लिहितो, कारण त्याशिवाय पुढचे सांगता येत नाही. ती सव्वा वर्षाची मुलगी आपल्या घरातली आहे. सूर्यभानची मैना. तुझी भाची. तुझा भाऊ जिनिंगच्या कारखान्यावर, वहिनी मनकर्णा वेचणीला, पोर तुझ्या आईजवळ. गावाला मी काट्यावर बोलावत होतो आणि माझ्या घरातले पोर तुझी आई उंबऱ्याबाहेर काढू देत नव्हती. "सारं गाव तोला, माही मैना नाई," असे तिचे पहिल्या दिवसापासून होते. मी रागावलो, समजावले, वर्तमानपत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, "पेपरवाल्याले म्हना, त्याचं तोल."

तुझ्या पत्रातला वजाबाकीचा भाग मी तिला वाचून दाखवला. तुझे नाव घेऊन वाचला. बाजाराच्या दिवशी मी मोठ्या काट्याची तिवई उभी करत होतो तर ही मैनेला कडेवर घेऊन आवारात हजर. नवे लुगडे. सरळ पारड्याच्या फळीवर जाऊन बसली, पाय पोटाशी घेतले, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे म्हणाली, "घ्या, तोला. पायतो कोन भाव करते माहा!"

दिवाणजी तिथेच होता. त्याने मान खाली घातली.

बिस्मिल्लाबी म्हणाली, "सुंदराबाई, तुमारे वास्ते तो पूरे अडत्ये कम पड जाएंगे." बाया हसल्या. मी वजने चढवली. तोंड उघडणार तेवढ्यात तुझ्या आईने माझ्याकडे असे पाहिले की लाभ घशातच राहिला. पहिल्यांदाच मुकाट्याने तोलले. मग तिने मैनेला मनकर्णाकडे दिले आणि एकटी बसली. मी पुन्हा तोलले. कागदावर फक्त मैनेचे वजन लिहिले. बाईचे वजन मी कोणालाही सांगणार नाही, तुलाही नाही.

त्यानंतर नईमा आली, मग खंडारेची बायको, मग रांगच लागली. शेषरावाची बायको नवऱ्याला न विचारता बसली.

पण त्या दिवशी खरेबाई आल्याच नाहीत. त्यांची बस आकोटच्या अलीकडे बंद पडली. आता जमलेल्या बायांना परत पाठवले तर पुन्हा कोण येणार? मी सगळी मुले तोलली आणि खांबावरच्या तक्त्याशी ताडून पाहिली. जी कमी भरली त्यांना पुढच्या बाजारी डॉक्टरकडे यायला सांगितले. जी बरोबर भरली त्यांना म्हटले, ठीक आहे, जा. मैना आठ किलोच्या वर भरली, तक्त्याच्या अगदी जवळ. तुझ्या आईने दिवसभर मला ऐकवले, "म्हनलं नोतं, अंगानं भरली पोरगी?" मीही मान्य केले. कार्डावर तू घाबरवले होतेस, पण काट्याने निकाल दिला. काळजी नसावी.

तुझा बाप,
देवराव


तेल्हारा
ता. १६ जानेवारी १९६२

शकुन,

हे पत्र तुझ्या आईच्या हाती देत आहे. मैना सोबत आहे.

तुझे पाकीट आज दुपारी मिळाले. तू लिहिलेस ते मी पुन्हा इथे उतरवतो, म्हणजे मी नीट वाचले हे तुला कळेल. 'बा, सूज आलेल्या लेकराचं वजन खोटं असतं. पाणी मारलेला कापूस तुम्ही काट्यावर ओळखता की मुठीत? तिच्या पावलावर अंगठा दाबा आणि सोडा.'

मी घरी आलो. मैना खाटेवर पडून होती. रडलीही नाही. अंगठा दाबला, सोडला. खड्डा तसाच राहिला. दुसऱ्या पायावर दाबला. तोही तसाच. तुझी आई जवळ उभी होती. तिला काही सांगावे लागले नाही; कापूस तिनेही आयुष्यभर हाताळला आहे.

तुझ्या आईने लुगड्याची गाठ बांधली. म्हणाली, "शकुनकडे नेतो. तुमी या काट्यापाशीच राहा." सूर्यभान अमरावतीपर्यंत सोबत येईल. महिन्यापूर्वी तुझा कार्डावरचा शब्द मानला असता तर ती तेव्हाच तिकडे असती.

मी येत नाही. ज्यांना मी ठीक आहे म्हणून घरी पाठवले त्यांची घरे मला माहीत आहेत. आजच निघतो.

मैनेला दूध पचते. गूळ मागते. अंधारात एकटी राहत नाही.

तुझा बाप


तेल्हारा
ता. ४ मार्च १९६२

चि. शकुन,

जयभीम. सूर्यभान परत आला, त्याने तोंडी सांगितले. नंतर तुझे पत्र आले. मैना उठून बसते, हात धरून चार पावले टाकते, तुझ्या आईच्या हातचे खात नाही आणि तुझ्या हातचे खाते, हे सगळे कळले. तू लिहिलेस की सूज उतरल्यावर तिचे वजन दीड किलोने कमी झाले आणि आता कुठे खरे वजन चढू लागले आहे. वजन उतरल्याचे वाचून आनंद झालेला मापारी या जिल्ह्यात दुसरा नसेल. मी ते दोनदा वाचले.

इकडचे सांगतो. त्या संध्याकाळपासून मी घरोघर गेलो. बाहेर बसायचे, मूल आणवायचे, पावलावर अंगठा दाबायचा, सोडायचा आणि पाहायचे. खंडारेच्या घरी म्हातारी म्हणाली, "काय देवराव, आमच्या लेकरायच्या पाया पडून राहिले का?" दुसऱ्या दिवशी तेच बाजारात झाले: मापारी पोराटोरांच्या पाया पडत हिंडते. दिवाणजीने मला वाकून नमस्कार करून दाखवला. मी म्हटले, "तुमचे पाय पुढे करा, तेही दाबून पाहतो. तुमच्यात पाणी किती आहे ते कळेल."

शेषरावाच्या धाकट्या मुलाच्या पायात खड्डा राहिला. तेही पोर तक्त्याप्रमाणे बरोबर भरले होते. मीच त्याच्या आईला जा म्हटले होते. शेषराव पोराला अकोल्याला न्यायला तयार नव्हता. रखवाली कोण करेल, हा त्याचा सवाल. मी तीन रात्री त्याच्या जागी जिनिंगवर रखवाली केली. पोर अजून अकोल्याला आहे. सुधारते म्हणतात. अजून निश्चित काही नाही.

खरेबाईंना मी जे केले ते सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी आले नाही तर वजनं करा, पण कोणाला ठीक आहे म्हणू नका. तेवढं माझ्यासाठी ठेवा." मी म्हटले, ठेवतो. एरवी अशा बोलण्याचा मला राग येतो. या वेळी आला नाही. आता काट्यावरून उतरले की प्रत्येक मूल माझ्याशेजारी थांबते, मी अंगठा दाबतो, आणि मग बाईंसमोर जाते. मुले हसतात, त्यांना गुदगुल्या होतात.

अकोल्याचा दुसरा कागद आला. तेल्हाऱ्याचा दिवस चालू राहील, हिवरखेडला वेगळा दिवस मिळेल. तिथल्या लोकांनी मला विचारायला माणूस पाठवला की अर्ज कसा लिहायचा. मी त्यांना मजकूर दिला आणि खाली लिहिले: मापाऱ्याने तोंड बंद ठेवावे. लहान मुलांचा काटाही शेवटी पोचला. फार नाजूक आहे, अगदी तान्ह्यांसाठी बाई तो वापरतात. बाकीच्या बाया त्याच्याकडे पाहत नाहीत, सरळ माझ्या मोठ्या काट्यावर बसतात. सुंदराबाई बसली तिथे आपण बसू, असे त्यांचे म्हणणे. तुझ्या आईला हे सांग. मान वर करून फिरेल, पण सांग.

बिस्मिल्लाबीने विचारले, शकुनला काकणे कोणत्या मापाची लागतात. मला माहीत नव्हते. मी म्हटले, ती आली म्हणजे भरून दे. आली म्हणजे, असे मी म्हटले आहे, तेव्हा तुझ्या सुट्टीचे काय ते कळव. जावई सहदेवरावांनाही छापखान्यातून सुट्टी मिळत असेल. पऱ्हाट्या मी अंगणात काढून ठेवल्या आहेत. चुना अजून द्यायचा आहे.

एक राहिले. तुझ्या मुलाचे नाव सूर्यभानने सांगितले. वजन त्याला विचारले तर त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. असे चालत नाही. किती आहे ते तू कळव. कार्डावर लिहू नको, टपालवाला वाचतो. पाकिटात घाल.

मी मोठ्याने म्हणणार नाही.

तुझा
बा